सव्वा लाख वर्षांपूर्वीचा उन्हाळा

माझा पाय मोडला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. मोडला तोही कसा, तर कॉलेजात भूगोलाचा तास घेताना. भिंतीवर जगाचा नकाशा तिरका लटकत होता, तो सरळ करायला मी बाकावर चढलो आणि उतरताना बाक कुठं संपतो ते विसरलो. वर्गातली मुलं आधी हसली आणि मग धावली. क्रम असाच होता, मला नक्की आठवतंय.

सहा आठवडे प्लॅस्टर. सोलापुरात, मार्च महिन्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरात. दुपारी स्लॅबमधून असा जाळ खाली उतरायचा की पंखा फिरवून फिरवून तोच आपल्या अंगावर घालतोय असं वाटायचं. हलता येत नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर वाचत पडायचो. अकरावी-बारावीला भूगोल शिकवण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली होती, पण खरं सांगायचं तर पाठ्यपुस्तकाबाहेरचा भूगोल मी गेल्या वीस वर्षांत उघडलाच नव्हता. मुलं हा विषय मार्क मिळतात म्हणून घेत होती आणि मी पगार मिळतो म्हणून शिकवत होतो. दोन्ही बाजूंनी तक्रार नव्हती.

तर त्या सहा आठवड्यांत मला सव्वा लाख वर्षांपूर्वीचा उबदार काळ सापडला. म्हणजे तो शास्त्रज्ञांना कधीच सापडलेला होता, मला तेव्हा सापडला. पृथ्वीवर हिमयुगं येतात आणि जातात. दोन हिमयुगांच्या मध्ये काही हजार वर्षं ऊब असते. आपण सध्या अशाच एका मधल्या काळात राहतोय. याच्या आधीचा तसला काळ साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा उत्तरेकडचे उन्हाळे आजच्यापेक्षा कडक होते, ध्रुवांकडचा बराच बर्फ वितळला होता, समुद्र आजच्यापेक्षा दोन मजले तरी वर चढला होता, आणि लंडनमधून जी नदी वाहते तिच्यात पाणघोडे डुंबत होते.

पाणघोड्यांनी माझं डोकंच फिरवलं. मी एकदम उठून बसलो आणि बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरात शेंगा भाजत होती. पायाला काही झालं असं समजून उलथनं हातात घेऊनच धावत आली.

"लंडनमध्ये पाणघोडे होते," मी म्हणालो.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

त्या उन्हाळ्यात मी सोलापुरातल्या किती माणसांना छळलं याची मोजदाद नाही. आमच्या गावात एप्रिल-मेमध्ये उन्हाबद्दल बोलणं ही एक सभ्यता आहे. समोरचा म्हणतो, "काय ऊन आहे हो." आपण म्हणायचं, "यंदा जास्तच आहे." मग दोघंही आपापल्या वाटेनं जातात. मी ही रीतच मोडली. कोणी "काय ऊन आहे" म्हणालं की मी म्हणायचो, "हे काहीच नाही. सव्वा लाख वर्षांपूर्वी याहून जास्त होतं." दूधवाल्याला सांगितलं, रक्त तपासायला आलेल्या मुलीला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या तेलुगू मावशींना सांगितलं. मावशी लहानपणापासून यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या, त्यांना तसंही निम्मं ऐकू येत नाही. त्या "बरं झालं" म्हणाल्या. प्लॅस्टर निघालं आणि मी कॉलेजात रुजू झालो, तेव्हा स्टाफरूममध्ये मी शिरलो की दोघाचौघांना आपले तास आठवायला लागले.

बायको म्हणाली, "अहो, लोक गरमीनं हैराण झालेले असतात. त्यांना पंखा द्या, नाही तर सरबत द्या. इतिहास कशाला देता?"

"इतिहास नाही, भूगोल," मी म्हणालो. ती आत निघून गेली. माझी बाजू बरोबर असते तेव्हा माणसं अशी निघून का जातात, हे मला बरीच वर्षं कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या जुन्या वर्गमित्राचा फोन आला. तो मोहोळपासून जवळच्या एका गावात हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. त्याच्या शाळेत वसुंधरा दिनाचा कार्यक्रम होता, येणारे पाहुणे ऐन वेळी येत नाही म्हणाले होते, आणि पत्रिका छापून झाली होती.

"अरे, तू ये," तो म्हणाला. "काहीही बोल. फक्त वेळेवर ये."

मी चौसष्ट स्लाइड तयार केल्या. पहिल्या चाळीस सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या. पुढच्या चोवीस आजच्या. त्या चोवीस स्लाइडमध्ये खरा मुद्दा होता. तेव्हाची ऊब पृथ्वीच्या फिरण्यातल्या आणि कलण्यातल्या हळू बदलांमुळे आली होती, तिला यायला हजारो वर्षं लागली. आजची ऊब आपण धूर सोडून आणतोय, आणि ती धावत येतेय. पहिल्या चाळीस ही नुसती प्रस्तावना होती. पण माझी प्रस्तावना मला फार आवडायची.

एसटीनं गेलो. शाळेत पोचलो तर वीज नव्हती. प्रोजेक्टर टेबलावर निजलेला. पत्र्याच्या हॉलमध्ये दोनशे-अडीचशे मुलं, पुढं गावातली मंडळी, सरपंच मधल्या खुर्चीवर, आणि मागं दाराच्या सावलीत पाणी प्यायला आलेली दोन-चार माणसं उभी. मी खडू घेतला आणि फळ्यावर पृथ्वी काढली. ती अंडाकृती झाली. मुलं हसली. मग मी पाणघोडा काढला. तो चांगला जमला. मुलं टाळ्या वाजवायला लागली.

माणसाचा घात कुठं होतो, तर अशा ठिकाणी होतो. पाणघोड्याला टाळ्या पडल्या म्हणून मी दुसरा काढला. मग त्यांच्याबरोबर तिथं हत्तीही होते म्हणून हत्ती काढला. आपल्या दख्खनच्या नद्यांच्या काठी, वाळू-गोट्यांच्या थरांतही जुन्या काळचे हत्ती आणि पाणघोडे यांची हाडं सापडली आहेत, हे सांगितलं तेव्हा तर हॉलमध्ये असा गलका झाला की मुख्याध्यापकाला घंटा वाजवावी लागली. मी घामानं निथळत होतो आणि इतका सुखात होतो की विचारू नका. हात वर करून मी म्हणालो, "मुलांनो, तेव्हा पृथ्वी आजच्यापेक्षा गरम होती! तेव्हा आजच्या उन्हाचं कौतुक मला सांगू नका!"

इथून मला चाळीसवरून एक्केचाळीसवर जायचं होतं. तेवढ्यात मुख्याध्यापकानं घड्याळ दाखवलं. बाहेर उपमा तयार होता आणि तो गार होत होता.

सरपंच आभाराला उभे राहिले. पन्नाशीचा, हसतमुख, गोड बोलणारा माणूस. ते म्हणाले, "सरांनी आज आपल्याला मोठा धीर दिला. ऊन काय आजचं नाही. सव्वा लाख वर्षांपासून आहे. पृथ्वीनं लई बघितलंय. तवा आपण घाबरायचं कारण नाही."

जोरात टाळ्या पडल्या.

मला तेव्हाच उठून म्हणायचं होतं की नाही, थांबा, माझं म्हणणं असं नाही. मला ते सुचलंही होतं. पण त्याच वेळी माझ्या खांद्यावर शाल पडत होती, समोर फोटो काढणारा "सर, इकडं" म्हणत होता, आणि माझा चेहरा आपोआप हसत होता. टाळ्या थांबल्या की बोलू असं मी ठरवलं. टाळ्या थांबल्या तेव्हा हातात उपम्याची प्लेट आली. उपमा चांगला होता. मी दोनदा घेतला.

एका महिन्यानं, मे महिन्यात, मित्रानं मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्यांच्या गावाला महामार्गावरून येणारा एक आतला रस्ता आहे. त्याच्या कडेला कडुनिंबांची रांग होती, भाषणाच्या दिवशी मी तिच्या सावलीतूनच चालत आलो होतो. रस्ता रुंद करण्यासाठी ती झाडं तोडायला सुरुवात झाली होती. फोटोत बुंधे आडवे पडले होते. खाली गावाच्या ग्रुपवरची चर्चा होती. कोणी हळहळ व्यक्त केली होती, तर कोणीतरी माझा शालीतला फोटो टाकून लिहिलं होतं, "सर बोललेच हायत की, ऊन आधीपण होतं. झाडाचं काय घेऊन बसलाय." त्याला आठ-दहा अंगठे होते.

माझी झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याचा कशावर तरी परिणाम झाला होता, आणि तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी धरून गेलो. फाट्यावर उतरून चालायला लागलो. सावली नव्हतीच. सकाळी नऊलाच रस्ता चटके देत होता. तोडलेल्या फांद्यांचा कडू वास सुटला होता आणि त्या फांद्यांच्या पाल्याला मेंढरं झोंबत होती. तीसचाळीस असतील. एका बुंध्यावर एक बाई बसली होती. साठीच्या आसपासची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात काठी. रांगेतली तीन झाडं शेवटाला अजून उभी होती.

तिनं मला निरखून बघितलं. "तुमीच न्हवं का ते पानघोड्याचं मास्तर?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून 'हो' ऐवजी 'व्हय' का गेलं कोण जाणे. बहुतेक जवळीक दाखवायची होती.

"मी बी आले हुते की त्या दिशी. दारात उबी हुते." ती मेंढरांकडं बघत म्हणाली. "लई चांगलं बोलला. पर मास्तर, एक इचारू का? हितं दुपारच्याला मी मेंढरं बशिवत हुते. तीस वर्सं झाली. आता म्हनत्यात मास्तरच म्हनला, ऊन आदीबी हुतं. मग आदीच्या मेंढरान्ला सावली नगं हुती का?"

सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या मेंढ्यांचा विचार मी कधी केलाच नव्हता. चौसष्ट स्लाइडमध्ये एकही मेंढी नव्हती.

"मावशी, माझं अर्धंच बोलून झालं होतं," मी म्हणालो.

"मग बाकीचं कवा बोलनार?"

महिन्याच्या शेवटी त्या गावात ग्रामसभा होती. मी मित्राला फोन केला की मला तिथं बोलायचं आहे, माझ्या हातून झालेली चूक मला सगळ्यांसमोर कबूल करायची आहे. तो म्हणाला, "कसली चूक?" मी म्हणालो, "ते तिथंच सांगेन." आपण काहीतरी फार थोर करायला निघालोय असा आवाज मी काढला होता. तो मला स्वतःलाही ऐकू येत होता.

आठवडाभर मी घरात भाषणाची तयारी केली. बायको भाकरी थापत असताना तिच्यासमोर उभा राहून म्हणून दाखवलं. "माझ्या शब्दांनी तुमची सावली हिरावली" असं एक वाक्य होतं. ते ऐकून तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "पाणघोडा वगळा. आणि रडू नका."

ग्रामसभा शाळेच्याच हॉलमध्ये सकाळी भरली. पाणी, गटार, घरकुलाची यादी असे विषय झाले. मग सरपंचांनी मला बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, मी एप्रिलमध्ये इथं भाषण केलं, ते अर्धवट होतं, आणि त्या अर्धवट भाषणामुळे गावानं झाडं तोडण्याचा निर्णय घेतला, त्याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे, मला क्षमा करा.

हॉलमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, लोकांच्या मनाला भिडलं.

ग्रामसेवक शेजारच्याला हळूच म्हणाले, "कुठलं भाषण?" ते तसे हळूच म्हणाले, पण शांतता फार होती.

सरपंच उठले. माझ्याकडं बघून हसत, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, तसं काय मनाला लावून घेऊ नका. रस्त्याचं काम मागंच मंजूर झालंय. झाडांचा ठराव बी तवाचाच. तुमच्या भाषणाच्या लई आधीचा. त्या दिवशी तुम्ही पाहुणे म्हणून मी चार शब्द चांगलं बोललो, एवढंच."

मागून कोणीतरी खुसखुसलं. मग बरेच जण हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, पण मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि खरी लाज पुढंच आहे. त्या क्षणी मला सुटका वाटायला हवी होती, मी झाडं तोडायला लावली नव्हती. पण मला वाईट वाटलं ते याचं, की मी काहीच केलं नव्हतं. माझ्या भाषणानं एक फांदीसुद्धा हलली नव्हती. तिकडं ग्रुपवर ज्यानं माझा फोटो टाकला होता त्यालाही फक्त वाद जिंकायचा होता.

मी खाली बसणार तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, बसू नगा. ऱ्हायलेलं सांगा."

मेंढरांवाली मावशी दाराशी बसली होती. सरपंच म्हणाले, "मावशी, सभेचा विषय नाही तो."

"इसय काय न्हाय? म्या हितं त्येच ऐकाय आले. मेंढरं भाईर हायत, बिगी बिगी सांगा, मास्तर."

मग मी सांगितलं. भाषण विसरून गेलो होतो ते बरंच झालं. मी म्हणालो, तेव्हाची ऊब एका पिढीत आली नाही. हजारो वर्षं लागली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वाट आणि तिचं कलणं हळूहळू बदलतं, त्यानं उत्तरेकडं उन्हाळ्यात ऊन वाढलं. आपल्याकडचा पावसाळा तेव्हा जोरकस झाला असावा असं अभ्यास करणारे म्हणतात. गवत जिकडं सरकलं तिकडं जनावरं सरकली. शेतं नव्हती, कुंपणं नव्हती, रस्ते नव्हते. एका जनावराला त्याच्या जन्मात काही कळलंसुद्धा नसेल.

ती म्हणाली, "म्हंजी चालत जायाला येळ हुता."

"हो," मी म्हणालो.

"आन आता?"

"आता तुमच्या-माझ्या एका जन्मात होतंय ते. तुम्ही लहानपणी बघितलेलं ऊन आणि आताचं, यातला फरक तुम्हाला दिसतो ना?"

"दिसतू की. पायाला बी कळतू." मग ती माझ्याकडं नाही, सरपंचांकडं वळली. "आयकलं न्हवं? मग ती शेवटची तीन ऱ्हाऊ द्या. आमाला चालत जायाला येळ न्हाय म्हंत्यात मास्तर. हितंच कुटंतरी बसाय पायजे."

पंचवीस वर्षं शिकवून माझ्या एकाही विद्यार्थ्यानं माझ्या धड्याचा असा उपयोग केला नव्हता.

सरपंचांनी "बघू" म्हटलं. पुढाऱ्यांच्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. पण तीनपैकी दोन झाडं राहिली. ती माझ्यामुळे राहिली असं मला खूप दिवस वाटत होतं, मी दोन-तीन ठिकाणी तसं सांगितलंही. मग मित्रानं खुलासा केला की त्या टोकाला रस्ता वळतो, तिथं रुंदी कमीच धरली होती. तिसरं झाड वळणात येत होतं, ते गेलं. मावशींच्या बोलण्यानं रस्त्याचं माप घेणारा माणूस दुसऱ्यांदा जाऊन बघून आला, एवढं मात्र खरं.

पावसाळ्यात शाळेनं रस्त्याकडेला रोपं लावायची ठरवली. मी हौसेनं कडुनिंब आणि चिंचेची मिळून अकरा रोपं घेऊन गेलो, स्वतः खड्डे खणले, तळहाताला फोड आणून घेतले आणि फोटो काढून घेतला. दोन आठवड्यांनी जाऊन बघितलं तर बहुतेकांचे नुसते दांडे उरले होते. शेजारी मावशींची मेंढरं आणि त्यांच्यातल्या चार शेळ्या निवांत रवंथ करत होत्या.

"मावशी!" मी जवळजवळ ओरडलोच.

"त्यास्नी काय कळतंय, मास्तर, कुनी लावलंय?" ती म्हणाली. "आन तुमी बी कसं? उगड्यावर पाला ठेवून गेला. काट्या लावाय नगं का?"

तिनं उठून कोयत्यानं बाभळीच्या काट्या तोडल्या आणि उरलेल्या रोपांभोवती कशा खोवायच्या ते दाखवलं. काटे बाहेरच्या बाजूला, बुडाशी दगड. मी एक लावली ती आपोआप पडली. तिनं ती पुन्हा लावली. तासाभरात माझ्या हाताला सतरा ओरखडे आणि तिच्या हाताला एकही नाही. अकरापैकी चार जगली. त्यातलं एक आता माझ्या कमरेइतकं झालंय.

हल्ली मी उन्हाबद्दल कोणाला काही सांगत नाही. अगदीच नाही असं नाही, पण समोरच्यानं आधी सरबत प्यायल्याची खात्री करून घेतो. वर्गात त्या उबदार काळाचा धडा आता एक्केचाळिसाव्या स्लाइडपासून सुरू करतो. पाणघोडा शेवटी येतो, वेळ उरला तर.

मावशींकडं त्यांच्या लेकीचा जुना फोन आहे. माझा नंबर त्यांनी त्यात कोणाकडून तरी घालून घेतलाय. पाऊस ओढ देतो तेव्हा त्या फोन करतात, मागं मेंढरांचं बें-बें ऐकू येत असतं. मागच्या जुलैत दोन आठवडे आभाळ कोरडं होतं, तेव्हाही आला.

"मास्तर, पाऊस कवा? हितं थांबू का भीमंकडं निगू?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मोबाइलवरचा अंदाज बघितला, त्यात ढगाचं चित्र होतं आणि खाली काही नक्की नव्हतं. सव्वा लाख वर्षांपूर्वी इथं पाऊस कसा होता यावर मी तासभर बोललो असतो.

"मला नाही सांगता येणार, मावशी," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग निगते. वाटंत आला तर आला."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, त्या भीमेच्या काठावर पोचल्या होत्या. पाऊस तिथंही नव्हता, पण गवत होतं. त्यांनी इकडचं विचारलं, तर इकडं कोरडंच होतं. "तुमी पानी भरून ठेवा," त्यांनी मला सांगितलं, आणि फोन ठेवून दिला.